झाड कोणाच्या वाडीतलं?

लांबचा प्रवास करून श्रीवर्धनला आलेल्या प्रतिनिधींनो, स्वागत समितीच्या वतीनं मी आपलं मनापासून स्वागत करतो.

हवामानबदलावरची परिषद इथंच का, असं पुष्कळांनी विचारलं. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ आमच्या किनाऱ्यावर आदळलं. आजोबांनी लावलेल्या पोफळी काही तासांत आडव्या झाल्या. ज्या उभ्या राहिल्या त्यांची सावली गेली आणि पुढच्या उन्हाळ्यात त्यांची खोडं भाजून निघाली. नव्या रोपाला सुपारी धरायला सहा-सात वर्षं जातात.

वारा पडल्यावर बाहेर आलो, तर आळीतला रस्ता दिसेना. ज्याच्या हाती कोयता किंवा करवत होती, तो समोरचं खोड तोडत पुढं सरकत होता. झाड कोणाच्या वाडीतलं, असं कोणी विचारलं नाही. माझ्या दारातला माड ज्यानं तोडून बाजूला केला, त्याच्या स्वतःच्या घरावर एक पत्रा उरला नव्हता.

अशा वादळांना बळ देणारा अरबी समुद्र मुख्यतः आपण तापवला नाही, हे खरं आहे. कार्बन डायऑक्साइडचं दरडोई उत्सर्जन भारतात वर्षाला सुमारे २ टन, अमेरिकेत सुमारे १४ टन. जबाबदारी सर्वांची, पण सारखी नाही, हे १९९२ साली रिओत जगानं मान्य केलं. तो हिशेब वाटाघाटींत ठणकावून मागायलाच हवा. पण देशाची सरासरी पुढं करून मी माझं घर झाकू शकत नाही. ती सरासरी कमी आहे ती आमच्या डोंगरातल्या कातकरी वाडीमुळं, माझ्यामुळं नव्हे. माझ्या घरी दोन एसी आहेत. त्या माणसांच्या गरिबीआड मी लपावं, हे मला पटत नाही. सुखसोयी घ्यायच्या, तर त्यांचा भारही घ्यायला हवा; वडिलोपार्जित वाडी घ्यायची आणि तिच्यावरचं कर्ज नाकारायचं, असं आमच्याकडं चालत नाही.

वानुआतूसारख्या चिमुकल्या बेटांच्या देशाचा हवामान बिघडण्यात दोष तो किती! तरी पॅसिफिकमधल्या विद्यार्थ्यांनी २०१९ मध्ये हा प्रश्न हाती घेतला, वानुआतूनं तो उचलून धरला आणि २३ जुलै २०२५ ला आंतरराष्ट्रीय न्यायालयाला सांगावं लागलं, की हवामानाची हानी रोखणं हे राष्ट्रांचं कायदेशीर कर्तव्य आहे. कोयता त्यांनी आधी उचलला.

आपल्या जेवणाची सोय आळीतल्या घरांतून केली आहे. दुपारी जमेल त्यांनी माझ्या वाडीत यावं. उघड्या पडलेल्या जागेत केळी लावून पोफळीच्या रोपांना सावली केली आहे, ती दाखवीन. अध्यक्षमहोदयांनी आता परिषदेची सूत्रं स्वीकारावीत, अशी विनंती करतो.