विजेची मोटार आणि रानांतला मुक्काम

पूर्वीं यात्रेस निघालेला गाडीवान मुक्कामाच्या जागीं प्रथम बैलांच्या वैरणपाण्याची व्यवस्था पाही, आणि मग स्वतःच्या चुलीची. अमेरिकेंत विजेवर चालणारी पिकअप मोटार घेऊन रानांत मुक्कामास जाणाऱ्या गृहस्थासही हाच क्रम पाळावा लागतो. फरक इतकाच कीं, येथें बैलांची वैरण आणि माणसांचा शिधा हीं दोन्ही एकाच पोत्यांतून काढावयाचीं असतात.

तें पोतें म्हणजे मोटारीच्या तळाशीं बसविलेली बॅटरी. फोर्ड कंपनीची ‘एफ-150 लायटनिंग’ ही गाडी 2022 सालीं गिऱ्हाइकांच्या हातीं आली. 2025 च्या डिसेंबरांत कंपनीनें तिचें उत्पादन बंद करीत असल्याचें जाहीर केलें. तथापि विकल्या गेलेल्या गाड्या रस्त्यावर आहेतच. तिच्या मोठ्या बॅटरींत 131 युनिट वीज उपयोगास मिळते. श्रोत्यांच्या घरीं विजेच्या बिलावर जें युनिट छापलेलें असतें, तेंच हें युनिट. तेवढ्या विजेवर गाडी सरकारी कसोटीप्रमाणें फार तर 320 मैल जाते, म्हणजे एका युनिटास सुमारें अडीच मैल. हा भाव एकदां ध्यानांत ठेवला म्हणजे मुक्कामावरील प्रत्येक उपकरणाची किंमत मैलांत मोजतां येते.

मागच्या हौद्यांत, आंतल्या बैठकीपाशीं आणि जेथें एरवीं इंजिन असावयाचें त्या पुढल्या पेटींत प्लग बसविण्याच्या जागा आहेत. वरच्या दर्जाच्या गाड्यांत त्या सर्व मिळून एका वेळीं 9.6 किलोवॅट वीज देतात. एवढ्या जोरावर संबंध स्वयंपाकघर चालेल. परंतु जोर निराळा आणि सांठा निराळा, आणि नवख्या माणसाची फसगत येथेंच होते.

रात्रभर जळणारे दिवे पाहून त्याच्या पोटांत गोळा उठतो; वास्तविक दहा वॅटचा दिवा पांच तास जाळला तर एका युनिटाचा अवघा विसावा हिस्सा संपतो. लिटरभर पाण्याचा चहा सुमारें पाव मैलांत होतो. दीड किलोवॅटच्या शेगडीवर तासभर स्वयंपाक केला तर दीड युनिट, म्हणजे पावणेचार मैल गेले. हा खर्च कोणीही आनंदानें सोसावा. खरी खादाड वस्तु म्हणजे तंबू तापविण्याचें यंत्र. दीड किलोवॅटचें तें यंत्र थंडींत दहा तास चाललें कीं पंधरा युनिटें, म्हणजे सदतीस मैलांची वाट, कापडाच्या भिंतींतून आकाशांत निघून जाते. तेंच शंभर वॅटचें विजेचें पांघरूण घेतलें तर आठ तासांस एक युनिटही लागत नाहीं. हवा तापविण्यापेक्षां माणूस तापविणें शहाणपणाचें.

तिकडे स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांनीं आणखी एक गोष्ट ध्यानांत घ्यावी. या गाड्यांतील बहुतेक प्लग 120 व्होल्टचे असतात. येथून नेलेली 230 व्होल्टची किटली तेथें लावली तर ती मोडणार नाहीं, पण जेमतेम चौथाई उष्णता देईल, आणि चहाची वाट पाहतां पाहतां मुलें झोंपीं जातील.

विजेच्या गाडीचा मोठा गुण मात्र हिशेबाबाहेरचा आहे. पेट्रोलवर चालणारा जनरेटर रात्रभर घरघरतो, म्हणून अनेक तळांवर शांततेच्या वेळीं तो बंद ठेवावा लागतो. आणि त्याच्या धुरांतील कार्बन मोनॉक्साइड हा वायु तंबूंत शिरला तर निजलेलीं माणसें जागीं होतच नाहींत. त्या वायूस वास नाहीं, रंग नाहीं. बॅटरीच्या विजेस हा धोका मुळींच नाहीं. (कोळशाची शेगडी तंबूंत घेणाऱ्यांस मात्र कोणतीही मोटार वांचवूं शकणार नाहीं.)

सामानाच्या बाबतींत रिव्हियन कंपनीनें पुष्कळ कल्पकता दाखविली. 2021 मध्यें रस्त्यावर आलेल्या तिच्या ‘आर-वन-टी’ गाडींत मागल्या बैठकीच्या पाठीमागें आडवें आरपार भुयार आहे. त्यांतून सरकून बाहेर येणारें स्वयंपाकघर कंपनीनें 2019 सालीं दाखविलें होतें, आणि तें पाहून लोक फार हरखले. पुढें विक्रीस आली ती घडी होणारी दोन चुलींची पेटी. ती त्या स्वप्नाहून साधी असली तरी उचलून झाडाखालीं नेतां येते, हें तिचें चांगलें. गाडी उंचसखल जमिनीवर उभी असतां तिची पाठ समतल करण्याची सोयही या गाडींत आहे. उतरत्या बिछान्यावर ज्यानें रात्र काढली असेल त्यासच तिचें मोल कळेल.

विजेचें शीतकपाट ही तर जवळजवळ सर्वांची आवडती खरेदी. परंतु कॅलिफोर्नियांतील योसेमिटीच्या रानांत अंधार पडल्यावर खाद्यपदार्थ मोटारींत ठेवण्यास मनाई आहे. कारण अस्वलें वासावरून येतात आणि मोटारीचीं दारें वांकवून उघडतात. अन्न तळावरील लोखंडी पेटींत कुलूपबंद करावें लागतें, आणि त्या पेटींत तार जात नाहीं. तेथें रात्रीपुरता जुना बर्फच कामास येतो.

मैल खाणाऱ्या वस्तु वाटेवरही असतात. टपावर बांधलेला तंबू वारा अडवितो. आणि मागें ओढावयाची चाकांची खोली जोडली तर एका भरण्यांतला पल्ला बहुधा निम्म्यावर येतो. म्हणून निघण्यापूर्वीं परतीच्या वाटेवरील भरणकेंद्राचें अंतर काढून, थंडी व चढ यांसाठीं वर कांहीं भर घालून, तेवढी वीज बाजूस ठेवावी. ठराविक मर्यादा आली कीं बाहेरचा पुरवठा आपोआप बंद व्हावा, अशी योजना लायटनिंगमध्यें करतां येते. ती पहिल्याच संध्याकाळीं करावी, तिसऱ्या दिवशीं नव्हे.

तळावर विजेचा खांब असेल तर प्रश्न पुष्कळ हलका होतो. अशा खांबांवर बहुधा 30 किंवा 50 अँपिअरचे प्लग असतात. पहिल्यावर दहा तासांत सुमारें 29 युनिटें, दुसऱ्यावर 96 पर्यंत मिळूं शकतात. कांहीं भाग भरतांना वायां जातो. दोन्हींचे दांते निराळे असल्यामुळें त्यांस जुळणारी तार पेटींत हवी. आणि गाडी जोडण्यापूर्वीं तळाच्या व्यवस्थापकास विचारावें; हे खांब राहण्याच्या गाड्यांसाठीं उभारलेले आहेत, आणि मोटारीची बॅटरी त्यांवर भरूं देणें सर्वच ठिकाणीं मान्य नसतें.