बंद क्रेन आराम करत नसते

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला बरं वाटतं, त्यांच्यासाठी नेहमीसारखा हा लेखी मजकूर.

आजचा विषय आहे उघड्यावर बसवलेल्या क्रेन आणि होइस्ट. स्टीलचं यार्ड, दगडाचं यार्ड, जेट्टी, प्रीकास्टची साइट, कुठेही बघा. वर पत्रा नाही, बाजूला भिंत नाही, आणि त्या लोखंडाच्या हुकाला टनांनी वजन लटकतंय. आपल्या ऐकणाऱ्यांमध्ये आयटीआयवाले आहेत, अप्रेंटिस आहेत, साइट सुपरवायझर आहेत. हा भाग खास त्यांच्यासाठी.

आता तुम्ही म्हणाल, तू तर सॉफ्टवेअरवाला, तुला क्रेनचं काय? खरंय. मी बीटेक केलं आणि कोड लिहितो. पण आमचं सॉफ्टवेअर मेंटेनन्सचं आहे. कुठल्या मशीनचं ऑइल कधी बदलायचं, कुठला पार्ट कधी तपासायचा, याची आठवण ते करून देतं. त्यामुळे यार्डात जाणं होतं आणि तिथल्या माणसांशी बोलणं होतं.

या धंद्यात बरेचसे नियम तासांवर चालतात. क्रेन अमुक तास चालली की ग्रीस, तमुक तास झाले की ब्रेक लायनर बघा. शेडमधल्या क्रेनला हा हिशोब बऱ्यापैकी लागू पडतो, कारण ती मुख्यतः वापराने झिजते.

रायगडच्या किनाऱ्याजवळच्या एका यार्डात १० टनांची गोलियाथ क्रेन आहे, म्हणजे जमिनीवरच्या रुळांवर पायांवर चालणारी. पावसाळ्यात ती जवळपास बंदच होती. तासच भरले नाहीत, म्हणून स्क्रीनवर तिचा रंग हिरवा. तिथले जुने फिटर, ज्यांना सगळे मामा म्हणतात, ते स्क्रीनकडे बघून हसले. "चार महिने पावसात भिजली ती. आणि तुमचा कॉम्प्युटर म्हणतो आराम झाला?"

आजचा अख्खा मुद्दा या वाक्यात आहे. उघड्यावरची क्रेन बंद असतानाही झिजते. उलट चालू क्रेनचं ग्रीस फिरत राहतं, मोटर गरम होऊन आतली ओल सुकते. बंद क्रेनचं तेही होत नाही.

आधी वायर रोप घ्या. रोप म्हणजे वेणीसारखे पेड, आणि बऱ्याच रोपांत मधोमध धाग्यांचा गाभा. हा गाभा तेल धरून ठेवतो. पण तेल संपलं की तो पाणी धरतो. मग गंज आतून सुरू होतो आणि वरून रोप ठीक दिसतो. म्हणून नुसतं वरून बघून "चालेल" म्हणू नका. आयएसओ ४३०९ हे रोप कधी काढून टाकायचा ते सांगणारं मानक आहे. एका थराच्या, धाग्याच्या गाभ्याच्या रोपचा व्यास सगळीकडे सारखा १० टक्क्यांनी घटला, तर रोप बदलायचा. म्हणजे नीट १२ मिलीमीटर भरणारा रोप १०.८ वर आला की संपला. व्हर्नियर लावताना पेडांच्या उंचवट्यांवर लावा, खाचेत लावलात तर माप चुकतं. तुटलेल्या तारा आणि खोल गंज दिसला तर १० टक्क्यांची वाट बघू नका. आणि तपासताना क्रेन बंद ठेवून जाड कापड फिरवा, उघडा हात कधीच नाही. तुटकी तार तळहातात गळासारखी घुसते.

अजून एक सवय. रोपवर जाड काळं ग्रीस थापून मोकळं होणं. त्याने पाणी आत कोंडतं आणि तुटक्या तारा झाकल्या जातात. आधी ब्रशने साफ करा, मग आत मुरेल असं रोपचंच वंगण लावा.

दुसरा ब्रेक. ओलीने ब्रेकच्या डिस्कवर गंज चढतो. कधी ब्रेक चिकटून बसतो, कधी घसरतो. चिकटलेला ब्रेक लगेच कळतो, कारण मोटर ओरडते. घसरणारा ब्रेक मात्र वजन लटकेपर्यंत कळतच नाही.

तिसरा वरचा लिमिट स्विच. हुक फार वर गेला की मोटर थांबवणारा. याचा लिव्हर गंजून अडकला तर हुक वर जाऊन ड्रमला धडकतो, रोप तुटतो आणि सगळं खाली. रोज शिफ्टच्या सुरुवातीला रिकाम्या हुकाने, हळू स्पीडमध्ये तो तपासायचा. मिनिटभराचं काम आहे.

चौथा विजेचा भाग. मोटरवर आयपी ५५ लिहिलेलं असतं. त्याचा अर्थ धुळीपासून बऱ्यापैकी संरक्षण आणि पाण्याचा फवारा बाहेर थांबेल. पण दिवसा तापून रात्री गार झाल्यावर आतल्या आत जे दव जमतं, त्यावर त्या आकड्याचा उपाय नाही. म्हणून बाहेरच्या मोटरला आणि पॅनेलला हीटर असेल तर तो क्रेन बंद असतानाही चालू लागतो. पाणी निघायचं खालचं भोक रंगाने बुजलेलं नाही ना, हेही बघा. पेंडंटला घट्ट प्लास्टिकची पिशवी बांधतात, त्यात वाफ कोंडते. वरून टोपी आणि खालून मोकळं, असं झाकण बरं. आणि हे सगळं बघायचं काम मेन स्विच बंद करून, कुलूप लावून, इलेक्ट्रिशियननेच करायचं.

पाचवी गोष्ट वारा. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा जोर चौपट होतो. ११ सप्टेंबर २०१५ ला मक्केच्या मोठ्या मशिदीत वादळात एक अजस्र क्रेन कोसळली. १०० पेक्षा जास्त माणसं गेली. काम नसताना आणि वारा असताना बूम खाली घ्यायचा असतो, तो तसाच उभा ठेवला होता, असं सौदी चौकशीत पुढे आलं. त्या वेळी क्रेन काही उचलत नव्हती, हे लक्षात घ्या. आपल्या गोलियाथला बूम नसतो, पण ती रुळांवरून वाऱ्याने पळू शकते. काम संपलं की ठरलेल्या जागी उभी करा, रेल क्लॅम्प आवळा, वादळाचा इशारा असेल तर अँकर पिन लावा. पिन गंजून बसत नसेल, तर ते मे महिन्यातच कळायला हवं.

बरं, कायदा काय म्हणत आला? १९४८ च्या कारखाने कायद्याने कलम २९ मध्ये अट घातली की उचलण्याच्या यंत्रांची, साखळ्यांची आणि दोरांची १२ महिन्यांतून किमान एकदा सक्षम व्यक्तीकडून कसून तपासणी व्हावी. शब्द "किमान" आहे. जानेवारीत तपासलेली क्रेन ऑक्टोबरमध्ये कागदावर पास असते, पण मध्ये एक अख्खा कोकणातला पावसाळा गेलेला असतो.

त्या यार्डासाठी आम्ही सॉफ्टवेअरमध्ये तासांच्या शेजारी तारखा टाकल्या. पावसाआधी एक तपासणी, पावसानंतर एक, आणि १५ दिवसांपेक्षा जास्त बंद राहिली की पुन्हा चालू करण्याआधी एक. तो १५ चा आकडा मामांनी दिलाय. तुमच्याकडे हवा वेगळी असेल तर तो कमी-जास्त करा, आणि बनवणाऱ्याच्या पुस्तकात कडक नियम असेल तर तोच पाळा.

पुन्हा चालू करायचा मामांचा क्रम लिहून घ्या. आधी रूळ साफ, रोप, हुक आणि त्याची खिट्टी डोळ्याने बघा. मग रिकाम्या हुकाने सगळ्या हालचाली आणि लिमिट. मग हलकं वजन जमिनीपासून वीतभर उचला आणि थांबा. हुक थोडासाही खाली सरकला, तर काम तिथेच बंद. खाली कोणीही उभं नको.

अवघड भाग इथेच आहे. पाऊस उघडला की यार्डात गाड्या रांगेत उभ्या असतात, मालकाचा फोन चालू असतो, आणि "आज एक फेरी मारून घे, उद्या बघू" असं तुम्हालाच सांगितलं जातं. तुम्ही वयाने लहान, नोकरी नवी. तोंडावर नाही म्हणणं सोपं नसतं, मला मान्य आहे. मामांची युक्ती अशी. ते नाही म्हणत नाहीत. ते लॉगबुक पुढे करतात. "साहेब, ब्रेक सरकतोय असं लिहिलंय. चालवा म्हणून खाली सही करा." मी असताना एकदा हे झालं. सही झाली नाही. दुपारपर्यंत ब्रेक खोलला, लायनर तेलकट आणि फुगलेले निघाले, दुसऱ्या दिवशी नवे बसले. एक दिवस गेला, बाकी काही गेलं नाही.

तर ज्यांच्या यार्डात क्रेन आहे, त्यांनी उद्या फक्त दोन गोष्टी बघा. वरचा लिमिट चालतो का, आणि लॉगबुकात शेवटची नोंद कधीची आहे. आणि हा भाग त्या खलाशाला पाठवा, जो रोज लोडला हात लावून उभा असतो. भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या.