मीठ, साखर आणि लेकराचं पाणी

(मनीषनगर, नागपूर येथे गटांच्या मासिक बैठकीत केलेलं भाषण)



हप्त्याचा हिशोब नंतर करू. आधी पाच मिनिटं स्वयंपाकघरातल्या दोन डब्यांबद्दल बोलू.

हगवण लागली की लेकराच्या अंगातलं पाणी जातं, पाण्याबरोबर मीठही जातं. जीव जातो तो या तुटीनं. म्हणून “पाणी देऊ नका, पोट आणखी झरेल” असं कोणी म्हटलं तर ऐकू नका.

मग नुसतं पाणी का पुरत नाही? मीठ पाण्यात विरघळलं की त्याचे सोडियम आणि क्लोराइड असे सुटे कण होतात. त्यांच्यावर विजेचा भार असतो; त्यांना आयन म्हणतात. आतड्याच्या भिंतीत एक दार आहे. तिथून सोडियम एकटं आत जात नाही, त्याला ग्लुकोज ही साखर सोबत लागते. दोघं आत गेले की त्यांच्या मागोमाग पाणी जातं. हगवणीतही हे दार बहुधा चालू असतं.

१९७१ साली बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या बनगाव छावणीत कॉलरा पसरला. सलाईन अपुरं पडलं. डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-ग्लुकोजचं पाणी पाजायला लावलं, नातेवाइकांच्या हातून. सुमारे ३० टक्के मृत्यू व्हायचे, ते ४ टक्क्यांच्या खाली आले. २०२३ मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण जाहीर झालं.

आता माप लक्षात ठेवा. उकळून गार केलेलं १ लिटर पाणी, चहाचे ६ सपाट चमचे साखर, अर्धा सपाट चमचा मीठ. अंदाजानं टाकू नका. साखर जास्त झाली तर ती उलट पाणी आतड्यात ओढते आणि हगवण वाढते. मीठ जास्त झालं तर लेकराला धोका. उरलेलं २४ तासांनी फेकून द्या.

भाताची पेजही चालते, चिमूटभर मीठ घालून. भातातला स्टार्च म्हणजे ग्लुकोजच्या मण्यांची लांब माळ. अशा माळेला पॉलिमर म्हणतात. पोटात ती हळूहळू सुटते, म्हणून एकदम पाणी ओढत नाही. आपल्या शेतातला कापूसही ग्लुकोजचीच माळ आहे, पण मणी वेगळ्या तऱ्हेनं गुंफलेले. ती माळ आपल्या पोटाला सोडवता येत नाही.

घरचं पाणी वेळ निभावतं. ओआरएसची पुडी त्याहून चांगली, तिच्यात पोटॅशियमही असतं. आशाताईंकडे पुडी आणि झिंकच्या गोळ्या मागा. दुकानातलं गोड सरबत म्हणजे ओआरएस नव्हे. दर जुलाबानंतर थोडं थोडं पाजा. ओकारी झाली तर दहा मिनिटं थांबून चमच्यानं द्या. अंगावरचं दूध आणि जेवण बंद करू नका.

डोळे खोल गेले, लेकरू सुस्त पडलं, पिईना, लघवी होईना किंवा शौचात रक्त दिसलं तर वाट पाहू नका, थेट दवाखाना गाठा. वाटेतही पाजत राहा.

पुढच्या बैठकीत प्रत्येक गटानं एक चमचा आणि लिटरची बाटली आणावी. माप सगळ्यांसमोर करून पाहू.