मान अर्धी वळलेली



महाराष्ट्रभरातून आलेल्या चित्रकार मित्रमैत्रिणींनो, चंद्रपूरच्या या संमेलनाच्या स्वागत समितीतर्फे बोलतोय. उन्हाळ्यात बोलावलं नाही, एवढे आमचे उपकार माना. व्यवस्थेत काही उणं पडलं तर मला गाठा, स्वयंपाक्याला नको.

पाहुण्याला आम्ही आधी जटपुरा दरवाजा दाखवतो. गोंडराजांच्या परकोटाच्या या दरवाजावर हत्तीवर मात करणारा सिंह कोरलाय. कोण जिंकलं, कोण हरलं, हातभर दगडात सगळं सांगून मोकळा. कथाचित्राकडून माझी मागणी एवढीच, की त्यानेही असंच शब्दांवाचून सांगावं; फक्त शेवट सांगून टाकू नये.

वाघ आणि माणूस हा आज इथला रोजचा विषय. जनजागृतीची चित्रंही भरपूर निघतात. त्यांत वाघाने जबडा उघडलेला, बाई किंचाळतेय. स्पष्ट बोलतो, ही चित्रं मला पटत नाहीत. गोष्ट संपल्यावर काढलेली आहेत ती. मार्च-एप्रिलात पहाटे मोहफुलं वेचणारी बाई आठवा. ओणवी झालेली, टोपली बाजूला, बोटं पाचोळ्यातल्या फुलांवर. मान मात्र अर्धी वळलेली, कारण मागे काहीतरी वाजलंय. ओठ मिटलेले. वाघ काढूच नका! ओणव्या माणसाला धोका जास्त, हे सांगायला मग खाली पाच ओळी छापाव्या लागत नाहीत.

शेवट पाहणाऱ्यावर सोडता येतो. व्यंगचित्रकार शि. द. फडणीसांनी ‘मोहिनी’ मासिकाच्या मुखपृष्ठावर तरुणीच्या साडीवर मांजरं आणि तरुणाच्या शर्टावर उंदीर काढले, आणि पुढची गोष्ट ज्याची त्याने रचली.

चित्रातल्या चेहऱ्याचं म्हणाल, तर आमच्या चंद्रपूर-गडचिरोलीकडच्या झाडीपट्टी रंगभूमीकडे पाहा. वडसा ही तिची मुख्य पेठ. दिवाळीपासून होळीपर्यंत गावोगाव रात्रभर नाटकं चालतात. 2023 साली परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली, ती याच रंगभूमीवरच्या कामासाठी. मंडपातल्या शेवटच्या माणसाला नटाचे डोळे कुठून दिसणार? म्हणून इथला नट खांद्यांनी रडतो, पाठीने रागावतो. पुस्तकातल्या चित्रात चेहरा चण्याएवढा येतो, तेव्हा हीच विद्या कामी येते. 

आज रात्री जेवणानंतर नाटकाला बस निघेल. शाल घ्या, वही घ्या. पुढची खुर्ची मिळाली तरी घेऊ नका. कडेला बसा, म्हणजे प्रेक्षकांचे चेहरेही रेखाटता येतील. नाटक पहाटेपर्यंत चालतं, त्यामुळे उद्याचं पहिलं सत्र अकराला ठेवलंय.