राजाईचा प्रश्न

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



चार शब्द बोला, असा मंडळाचा आग्रह झाला, तेव्हा मी घाबरले. मी काही विदुषी नाही. पण आपण जवळा बाजारच्या बायका संतांच्या अंगणात राहतो. इकडे औंढा, तिकडे नरसी. म्हणून तिथूनच सुरुवात करते.

विसोबा खेचरांची गोष्ट आपण लहानपणापासून ऐकतो. औंढ्याच्या देवळात ते पिंडीवर पाय ठेवून निजले होते. नामदेवांनी हटकले, तर म्हणाले, जिथे देव नाही तिथे माझे पाय ठेव. तशी जागा सापडली नाही आणि नामदेवांना त्यांच्या मोठ्या प्रश्नाचे उत्तर मिळाले.

पण घरी राजाई होती. तिचा प्रश्न लहान : चूल पेटवायची कशावर? गाथेत तिच्या नावावर अभंग आहेत, त्यांत नवऱ्यावरचा राग आहे. तो राग कोणी पुसून टाकला नाही, याचे मला फार वाटते.

महिपतींच्या १७६२ सालच्या ‘भक्तविजया’त परिसाची कथा आहे. परिसा भागवतांच्या बायकोकडून राजाईने गुपचूप परिस आणला, लोखंडाचे सोने केले, घरात सामान भरले. नामदेवांना कळले. त्यांनी परिस चंद्रभागेत टाकला. कीर्तनात पुढे नामदेवांची थोरवी येते, ती खरीच. मला मात्र वाटत राहते, त्या रात्री त्या दोघांचे काय बोलणे झाले असेल?

असे वाटायला कारण आहे. आज पहिल्यांदाच सांगते.

लग्नानंतर काही वर्षांनी धाकट्या भावावर कर्ज झाले. मी माझी एकदाणी सोनाराकडे मोडली आणि पैसे त्याला दिले. घरी सांगितले, आठवडी बाजाराच्या गर्दीत तुटून पडली. हे तसेच उठले, बॅटरी घेऊन बाजाराच्या मैदानात गेले आणि रात्री उशिरापर्यंत माती चाळत बसले. परत आले तेव्हा हात धुळीने भरलेले होते. मी पाणी दिले. खरे ओठांवर आले होते, पण बोलले नाही.

सासूबाई बोलायच्या, तेव्हा हे म्हणायचे, “जाऊ द्या, वस्तूच ती.” भाऊ आला की मला हळूच सांगायचे, “त्याला जेवल्याशिवाय सोडू नको.” यांना कळले होते का? की स्वभावच तसा होता? बत्तीस वर्षे संसार झाला. आता विचारायला ते नाहीत.

राजाईचे खरे उघडे पडले, भांडण झाले, परिस गेला. पण तिला नवऱ्याच्या मनात काय आहे ते कळले. माझे खोटे टिकले. त्याने घरात भांडण झाले नाही, आणि एका चांगल्या माणसाला मी एवढ्यापुरती परकी राहिले.

भावाला मदत केली याचा मला आजही पस्तावा नाही. खरे सांगितले असते तर काय झाले असते, तेही सांगता येत नाही. तुम्हाला उपदेश करण्याइतकी मी मोठी नाही. एवढेच म्हणते, ज्याला विचारायचे तो माणूस समोर जेवायला बसतो आहे, तोवर विचारून घ्यावे, सांगून टाकावे.