घोंगडीचे सूत



आषाढीच्या वाटेवर तुकोबारायांची पालखी बारामतीचा मुक्काम हलवून निघाली, की पुढे काटेवाडी लागते. तेथे परीट मंडळी पालखीपुढे धोतरांच्या पायघड्या अंथरतात आणि धनगर बांधव आपली मेंढरे पालखीभोवती पळवतात. मेंढ्यांचे रिंगण ते हेच. तुमच्यापैकी पुष्कळांनी ते पाहिलेही असेल. पुढच्या वेळी पाहाल तेव्हा मेंढ्यांच्या पाठीकडे जरा निरखून बघा. एक काळी, एक तपकिरी, एखादी करडी, एखादी पांढरी. आपल्या आजोबा-पणजोबांनी आयुष्यभर जी घोंगडी खांद्यावर टाकली, ती या पाठींवरूनच उतरली. आज त्यातली पुष्कळशी लोकर कातरल्यावर बांधावर नाहीतर उकिरड्यावर जाऊन पडते. कातरणीची मजुरी निघेल एवढाही भाव तिला मिळत नाही, म्हणून.

बारामती आणि इंदापूर हे तालुके मूळचे अवर्षणाचे. वर्षाचा पाऊस सरासरीने पाचशे मिलिमीटरच्या आसपास, आणि तोही लहरी. नीरेच्या कालव्याचे पाणी आले आणि कालव्याकाठी ऊस उभा राहिला. १९८० साली उजनीचे धरण पुरे झाले आणि इंदापूरकडच्या भीमाकाठाचे रूप पालटले. पण पाणी न पोचलेल्या माळावर चालली ती दख्खनी मेंढीच. ही मेंढी लोकर फार देत नाही. वर्षातून दोनदा कातरली तरी सगळी मिळून अर्धा-पाऊण किलोच्या घरात. शिवाय लोकर जाडीभरडी, केसाळ. परदेशातल्या मेरिनो मेंढीच्या लोकरीशेजारी ठेवली, तर कोणी हिला लोकर म्हणणार नाही! पण या भरड केसात एक गुण आहे. त्यातला बराचसा केस आतून पोकळ असतो, म्हणून त्यात हवा कोंडून राहते आणि ऊब टिकते. लोकर स्वतःच्या वजनाच्या जवळजवळ तिसरा हिस्सा ओल पोटात घेते, तरी अंगाला ओली लागत नाही. घोंगडीची खोळ करून भर पावसात मेंढरांमागे उभा राहणारा धनगर हे शास्त्र पुस्तकाविना जाणतो. अर्थात त्यापुढे भिजली, की ती उचलवत नाही आणि वाळता वाळत नाही. ‘भिजत घोंगडे’ हा शब्दप्रयोग कुणा पंडिताने केलेला नव्हे, हे ओले घोंगडे पिळू पाहणाऱ्याला लगेच पटेल.

आता कामाकडे वळू. कातरणीआधी मेंढ्या ओढ्यात किंवा नदीत धुतात. मग लोकर निवडायची, पिंजायची, कातायची. धनगर घरांतल्या बाया रहाटावर कातत. रानात मेंढरांमागे चालणारे गडी हातात चाती फिरवत चालता चालता सूत काढत. एका मागाला पुरेल एवढे सूत काढायला चार-पाच जणींचे हात लागत, आणि ते हात कुणाच्या हिशेबात कधी आले नाहीत. विणकाम सणगरांचे, काही ठिकाणी खुटेकर धनगरांचे. माग जमिनीतल्या खड्ड्यात. विणकर काठावर बसतो आणि पाय खड्ड्यात सोडून पावड्या दाबतो. ताण्याच्या सुताला चिंचोक्याची खळ द्यायची, म्हणजे केस दबून बसतात आणि धागा तुटत नाही. नव्या घोंगडीला जो ताठपणा असतो आणि जो तिचा विशिष्ट वास असतो, त्यात खळीचा वाटा मोठा.

तुम्ही म्हणाल, यात कला ती कोणती? काळे घोंगडे ते काळे घोंगडे. मलाही बरीच वर्षे तसेच वाटे. माझा समज फिरला तो स्वतः चाती हातात घेतल्यावर. ताण्याच्या सुताला पीळ जास्त हवा, कारण त्याला ओढ सोसायची असते; बाण्याचे सूत सैल हवे, कारण ऊब त्यातून यायची असते. पीळ कमी पडला तर धागा सुटतो, जास्त झाला तर गुंडाळी होऊन अंगावर येतो. हे ‘पुरे’ कुठे, ते डोळ्याला दिसत नाही, चिमटीला कळते. आणि बोटे तर आठ-आठ दिवस काही शिकत नाहीत! कातणारी बाई मात्र बोलता बोलता, सुनेला दटावत, नातवाला जोजवत एकसारखा धागा काढते.

दुसरी गोष्ट निवडीची. घोंगडीच्या कडेला जी पांढरी किंवा तपकिरी रेघ असते, ती बहुधा रंगवलेली नसते. त्या रंगाची लोकर वेगळी काढून ती साधलेली असते. कोकराची पहिली लोकर, म्हणजे जावळ, सर्वांत मऊ. तिची घोंगडी मोलाची. कोणती मेंढी, कोणती कातरणी, पाठीची लोकर की पोटाखालची, हे सारे विणकराला आणि कातणारणीला ठाऊक असते. चित्रकार रंग कालवतो, हे लोक मेंढ्या कालवतात. असे माझे मत आहे. कुणाला अतिशयोक्ती वाटली तर वाटो.

रंगाचे म्हणाल तर काळ्या लोकरीवर कुठलाच रंग उठत नाही. रंग घेते ती पांढरी. आणि रंग देणाऱ्या वस्तू आपल्या तालुक्यांत पायाशी पडलेल्या आहेत. इंदापूरकडे डाळिंबाच्या बागा आहेत. डाळिंबाची साल वाळवून ठेवा. शंभर ग्रॅम धुतलेल्या पांढऱ्या सुताला तेवढीच वाळली साल आणि दहा-पंधरा ग्रॅम तुरटी पुरते. सूत आधी तुरटीच्या कोमट पाण्यात मुरवावे, मग सालीच्या पाण्यात तासभर मंद आचेवर ठेवावे. सुंदर पिवळा येतो. तेच लोखंडी कढईत केले, तर हिरवट करडा होतो. बाभळीच्या सालीने तपकिरी येतो.

करडईची गोष्ट तर आणखी नवलाची आहे. आपण ती तेलासाठी पेरतो, पण जुन्या काळी तिच्या पाकळ्यांना मान होता. कुसुंबी रंग तो तिचाच. या पाकळीत दोन रंग असतात. पिवळा थंड पाण्यात सुटतो, तो लोकरीला तुरटीबरोबर चढतो. तो धुऊन काढला, की उरलेल्या पाकळ्या पापडखाराच्या पाण्यात चुरायच्या आणि त्यात लिंबू पिळायचे. पाहता पाहता पाणी लाल होते. ही लाली रेशमाला आणि सुती कापडाला शोभते, पण उन्हाने विटते. शाळेत हा प्रयोग जरूर करावा. मुलांना खार आणि आम्ल यांचा धडा निराळा शिकवावा लागणार नाही. फक्त पाकळ्या वेचताना काटे बोचतात. शेजारच्या फलटणच्या निंबकर संस्थेने बिनकाट्यांचे करडईचे वाण काढले आहेत, त्यांनी हीही अडचण दूर झाली.

एक सावधगिरी सांगतो. माझे पहिले सूत मी भडभडा उकळले, काठीने ढवळले आणि तसेच उचलून गार पाण्यात बुचकळले. हाती आला तो एक घट्ट गोळा! लोकरीच्या केसावर बारीक खवले असतात. उष्णता, पाणी आणि घासणे एकत्र आले, की ते एकमेकांत अडकतात. याच गुणावर बुरणूस थापतात, तेव्हा तो दोष नव्हे. पण मला बुरणूस नको होता. सूत भांड्यातच निवू द्यावे.

हे सारे मोडले कसे? एका दिवसात नव्हे. १८६९ सालापासून प्रयोगशाळेतला तांबडा रंग बाजारात येऊ लागला आणि आलीच्या मुळांची शेती बुडाली. नंतर पानिपतची, जुन्या चिंध्यांच्या सुताची स्वस्त ब्लँकेटे आली. मटणाला भाव चढला, तशी अंगाने मोठी पण लोकरीने तोकडी माडग्याळ मेंढी कळपांत शिरली. धनगराला मी दोष देणार नाही; पोट आधी. बारामतीच्या औद्योगिक वसाहतीतल्या टेक्स्टाइल पार्कमध्ये आज आपल्या लेकी तयार कपडे शिवतात आणि महिन्याला पगार घरी आणतात, हेही चांगलेच. परंतु कातणाऱ्या पिढीतल्या ज्या म्हाताऱ्या अजून आहेत, त्यांच्यानंतर ‘पुरे’ कुठे ते सांगणारी चिमटी राहणार नाही. चलच्चित्र काढून ठेवाल, पण चित्रपटातून पीळ हाताला लागत नाही.

म्हणून शिक्षक मंडळी, तुमच्या गावाशेजारी वाडा उतरला, की कातरणीचा दिवस आधी विचारून ठेवा. मुलांना घेऊन जा आणि बरोबर एक जुने धोतर न्या, पांढरी लोकर वेगळी बांधायला. एकदा काळ्यात मिसळली, की ती निवडणे जिवावर येते. लोकर फुकट मिळाली तरी दोन पैसे देऊन घ्या. आणि वाड्यावर कातणारी एखादी आजी असेल, तर तिला शाळेत बोलवा. पण मुलांना गोल बसवून तिचे भाषण ठेवू नका. तिच्या हाती लोकर द्या, पोरांच्या हाती चाती द्या. बाकीचे ती बघून घेईल.