चामड्याच्या शिवणीचा दोरा



घरच्या मशीनवर पातळ चामड्याची पाकिटे शिवून आपल्यातील काहीजणी संसाराला हातभार लावतात. पण शिवण उसवली की गिऱ्हाईक पुन्हा येत नाही. सुती दोरा घेऊ नका. चामड्यातील ओल व रसायने यांनी तो कुजतो. पॉलिएस्टरचा घ्यावा. नायलॉन चिवट खरा, पण उन्हाने लवकर विरतो. सुई मात्र चामड्याचीच, धारदार टोकाची हवी. दोरा घासून तुटू लागला तर मेण लावू नका; हातशिवणीला ते ठीक, मशीनच्या ताणाच्या चकत्यांत त्याचा कीट बसतो. फेल्टच्या तुकड्यावर सिलिकॉन तेलाचे दोन थेंब टाकून त्यातून दोरा ओढावा. खोबरेल तर नकोच, डाग पडतात! टाका लांब ठेवा, आणि चामड्याला पडलेले भोक बुजत नाही, म्हणून आधी चिंधीवजा तुकड्यावर शिवून पाहा.